पिकाला पाणी नको, वाफसा हवा

परवा रात्री दोनला लाईट आली. मोटारीला ऑटो लावलेला, मोटार आपोआप सुरू. थंडी, त्यात बिबट्याची भीती; मी काही उठलो नाही. सकाळी बघतो तर कांद्याचे खालचे वाफे तुंबलेले आणि वरचे दोन कोरडे ठणठणीत.

चूक माझीच. पण ही चूक गावोगाव होते, म्हणून लिहितोय.

आपल्याला वाटतं, जास्त पाणी दिलं की पीक जास्त पितं. तसं नाही. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या पोकळ्यांत थोडं पाणी, थोडी हवा असेल तरच मूळ नीट काम करतं. हाच आपल्या जुन्या माणसांचा वाफसा. पाणी तुंबलं की हवा बाहेर, मुळं गुदमरतात आणि पाण्यात उभं पीकही मान टाकतं. आपण म्हणतो, "तहानलंय", आणि अजून पाणी सोडतो!

दुसरी गोष्ट. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांच्या बारीक छिद्रांतून हवेत जातं. ते वाया जात नाही. त्याच ओढीने पाणी शेंड्यापर्यंत चढतं, विरघळलेलं खत सोबत नेतं, पान थंड ठेवतं. ही छिद्रं बहुतेक पिकांत दिवसा उघडतात, रात्री जवळजवळ मिटतात. म्हणजे पिकाची मागणी दिवसाची आणि आमचा पुरवठा रात्रीचा.

कुणी म्हणेल, रात्री ऊन नाही, पाणी कमी उडतं, मग फायदाच की. बरोबर आहे, पण दारं धरायला माणूस उभा असेल तर! अंधारात साप-बिबट्याच्या भीतीने कोण उभा राहणार? कांद्याची मुळं जेमतेम फूटभर. त्याखाली गेलेलं पाणी कांद्याच्या कामाचं नाही, आणि जाताना ते युरियाही घेऊन जातं.

म्हणून दिवसा वीज हा फक्त आमच्या झोपेचा प्रश्न नाही, विहिरीतल्या पाण्याचाही आहे. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, दुसरा टप्पा २०२३ चा. आमच्या फीडरचा नंबर कधी, एवढंच विचारायचंय.

तोवर एक करू. पाणी देण्याआधी मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. त्या रात्री ऑटो बंद ठेवा आणि खुशाल झोपा.

तुमच्याकडे दिवसा लाईट सुरू झाली असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाण्यात काय फरक पडला?