तपासणी कुणाच्या हितासाठी?

कर्करोगाच्या उपचारासाठी दाखल झालेल्या रुग्णाचे रक्त एचआयव्ही आणि कावीळ ‘ब’ व ‘क’ यांच्या विषाणूंसाठी तपासून घेणे, हा आता मोठ्या रुग्णालयांत शिरस्ताच झाला आहे. शिरस्ता योग्यच आहे. आमचा आक्षेप त्यामागील दृष्टीला आहे. ही तपासणी पुष्कळदा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर व परिचारिका यांच्या रक्षणासाठी होते. ते रक्षण कोणीही नाकारणार नाही. परंतु ज्याचे रक्त काढले, त्याचेच हित दुय्यम ठरावे, हे आम्हांस मान्य नाही.

वास्तविक या तपासणीची सर्वाधिक गरज रुग्णालाच आहे. ‘ब’ काविळीचा विषाणू रोग बरा झाल्यावरही यकृतात वर्षानुवर्षे दबा धरून असतो. केमोथेरपीने शरीराचा पहारा ढिला पडला की तो पुन्हा उसळतो. उपचार अर्ध्यावर थांबतात. क्वचित कर्करोगाशी झुंजणारा माणूस काविळीनेच दगावतो. रक्तपेशींच्या कर्करोगांवर दिल्या जाणाऱ्या रिटुक्सिमॅबवर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ साली याच कारणास्तव कडक इशारा छापावयास लावला. आणि हा अनर्थ टाळण्यास एंटेकाविर वा टेनोफोविर यांची रोजची एक गोळी बहुधा पुरेशी असते!

रुग्णाला विचारून भागत नाही. अमेरिकेत ३,०५१ नव्या कर्करुग्णांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ब’ विषाणूची बाधा पूर्वी होऊन गेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्क्यांना तिची वार्ताही नव्हती. आपल्याकडे तर ही लस सार्वत्रिक लसीकरणात देशभर आली ती २०११ च्या सुमारास; आजचे प्रौढ रुग्ण बहुतांशी तिच्याविनाच वाढले. तेव्हा केवळ एचबीएसएजी पाहून थांबणे अपुरे होय. जुन्या बाधेची खूण अँटी-एचबीसी या चाचणीत सापडते, आणि अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली ती सर्वच रुग्णांसाठी सुचविली आहे.

दुसरी बाब संमतीची. २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही चाचणीस रुग्णाची समजून दिलेली संमती आणि गुप्तता आवश्यक ठरविली आहे. दाखल होताना पुढे सरकविलेल्या कागदावरील घाईची सही म्हणजे संमती नव्हे. आणि फाइलीवर सर्वांना दिसेल असा लाल शेरा? प्रगतिपुस्तकावरील असा शेराही विद्यार्थ्याला किती झोंबतो, हे शिक्षकांना ठाऊक आहे. येथे तर रुग्णाची खाटच कोपऱ्यात सरते.

खर्चाची सबब टिकणारी नाही. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ‘ब’ व ‘क’ काविळींची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. कर्करोग विभागाने आपल्या रुग्णाला त्या केंद्राकडे चिठ्ठी देऊन पिटाळू नये. केमोथेरपीच्या पहिल्या बाटलीपूर्वी अहवाल आणि लागल्यास गोळी त्याच्या खाटेपाशी पोहोचेल, अशी व्यवस्था राज्य शासनाने लावावी.