घशातले पहारेकरी आणि बाजारातले दावे

मुखातील जंतू म्हणजे रोगाचे माहेरघर, ही समजूत आता अपुरी ठरली आहे. काही मुलांचे घसे स्ट्रेप्टोकोकसच्या उपद्रवापासून मुक्त का राहतात, या प्रश्नाचा पाठपुरावा न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील जंतुशास्त्रज्ञ जॉन टॅग यांनी अनेक वर्षे केला. उत्तर त्या मुलांच्या मुखातच सापडले. स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हेरियस या निरुपद्रवी जंतूचा 'के-१२' हा वाण सॅलिव्हेरिसिन नावाची लघुप्रथिने निर्माण करतो आणि घसा सुजविणाऱ्या आपल्याच भाऊबंदांस मज्जाव करतो.

हा प्रश्न केवळ घसादुखीचा नव्हे. दुर्लक्षित घसादुखीतून सांध्यांचा ताप उद्भवतो आणि तो हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी करू शकतो. दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांची मुले त्यास प्रामुख्याने बळी पडतात. भारत यास अपवाद नाही. या हृद्‌रोगाविरुद्ध २०१८ साली जागतिक आरोग्य सभेने ठरावही केला. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असता निसर्गाने घडविलेले नवे शस्त्र हाती येत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि स्वागत म्हणजे अंधविश्वास नव्हे. २०१२ ते २०१४ या काळात इटलीतील छोट्या चाचण्यांनी मोठी आशा दाखविली. परंतु न्यूझीलंडमधील शाळांत १,३०० हून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा आढळलेली घट इतकी अल्प होती की तिचे श्रेय निश्चितपणे या जंतूस देता येईना. शिवाय एका वाणाचा गुण त्याच जातीच्या दुसऱ्या वाणात असेलच असे नाही.

म्हणूनच आमचे म्हणणे स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वेष्टनावर वाणाचे नाव आणि मुदतीअखेर जिवंत राहणाऱ्या जंतूंची संख्या छापली गेली पाहिजे. जे हे सांगत नाहीत, त्यांच्या जाहिरातींना शासनाने आवर घालावा. पालकांनीही ताप आणि घसादुखी असलेल्या मुलास आधी डॉक्टरांकडे न्यावे. पेनिसिलीनची जागा घेण्याची योग्यता या गोळ्यांनी अद्याप सिद्ध केलेली नाही.