पेशींचे निरोप वाचणारी मुलं



‘संशोधनाने पोट भरतं का?’ या पत्राला हे उत्तर. उरणच्या मुलांनी बंदरातली नोकरी धरावी, पेशींचे संदेश वाचण्यात पाच-सहा वर्षं घालवू नयेत, असं पत्रलेखकांना वाटतं. बंदरावर इथली कितीतरी घरं उभी आहेत, हे मान्य. पण ‘घालवू’ हा शब्द मला खुपला.

पेशीला ‘वाढ’ असा निरोप येतो आणि काम झालं की थांबतो. रक्ताच्या एका कर्करोगात बीसीआर-एबीएल हे प्रथिन तो निरोप थांबूच देत नाही. हे कोडं उलगडलं, म्हणून २००१ साली इमॅटिनिबची गोळी आली आणि रुग्ण वर्षानुवर्षं जगू लागले. असं काम पुस्तक वाचून येत नाही. पेशी जिवंत ठेवायला हात बसावा लागतो, फसलेला प्रयोग पुन्हा मांडावा लागतो. डॉ. कमल रणदिवे यांनी परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, तिथे विद्यार्थी घडवले. तोच वारसा आज खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात आहे.

पोटाचं म्हणाल, तर २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७,००० रुपये शिष्यवृत्ती आहे. ती रखडते, ही तक्रार मात्र खरी. त्यावर आपण मिळून लिहू.

‘अ‍ॅक्ट्रेक’ला जायला जानेवारी २०२४ पासून उरणहून लोकल आहे. बेलापूरला गाडी बदलली की पुढचंच स्टेशन खारघर. महाविद्यालयांनी परवानगी काढून अकरावीची मुलं तिथे न्यावीत. अर्ज लिहून द्यायला मी तयार आहे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, उरण