प्रमाणपत्रांची फाईल आणि रात्रीची झोप

घरातील वृद्धाला पक्षाघाताचा झटका येतो तेव्हा अंथरुणाला एकच माणूस खिळतो. परंतु दिनक्रम आणखी कोणाचा तरी बदलतो. जुहूतील माझ्या दवाखान्यात वडिलांना किंवा सासूबाईंना तपासणीसाठी घेऊन येणाऱ्या कित्येक मुली-सुना पूर्वी संगणक क्षेत्रात नोकरी करीत होत्या. शुश्रूषेसाठी ती सुटली. आता परतायचे आहे, म्हणून निजानीज झाल्यावर त्या ऑनलाइन अभ्यासक्रम करतात. फाईलमध्ये प्रमाणपत्रे जमतात, झोप घटते आणि मुलाखतीचे बोलावणे मात्र येत नाही. म्हणूनच या प्रमाणपत्रांचे मोल काय, हा प्रश्न आरोग्याच्या सदरातही विचारायला हवा.

रक्ताचा रिपोर्ट हाती आला की आम्ही पाहतो : नमुना कोणाचा, तपासला कोणी, कोणत्या पद्धतीने? प्रमाणपत्रालाही हेच प्रश्न विचारावेत. केवळ चित्रफिती शेवटपर्यंत पाहिल्यावर मिळणारे प्रमाणपत्र हजेरी सांगते, कौशल्य नव्हे. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमाचे अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र शुल्क भरून, केंद्रावर जाऊन, निरीक्षकांसमोर परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत 75 टक्के वाटा त्या परीक्षेचा आणि 25 टक्के स्वाध्यायांचा असतो. असे एक प्रमाणपत्र हजेरीच्या दहा प्रमाणपत्रांहून वजनदार ठरते.

तरीही रिपोर्ट म्हणजे प्रकृती नव्हे. एमबीबीएसची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही वर्षभराची आंतरवासिता पूर्ण केल्याशिवाय डॉक्टरला कायम नोंदणी मिळत नाही. हाताने काम केलेले असावे लागते. नोकरी देणाराही अखेर हेच पाहतो. म्हणून एका विषयाचा एक अभ्यासक्रम नीट पूर्ण करावा आणि त्यातून एक चालती वस्तू घडवावी. तिची कल्पना घरातच आहे. कोणती गोळी कधी, आजचा रक्तदाब किती, साखर किती, हे शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीइतके कोणाला ठाऊक असते? त्या नोंदी ठेवणारा लहानसा प्रोग्राम लिहून गिटहबवर ठेवला, तर मुलाखतीत बोलायला विषय मिळतो. त्यात रुग्णाचे नाव वा खरे रिपोर्ट मात्र घालू नयेत. नोकरीतील खंडाचे कारणही लपवू नये. ‘घरातील रुग्णाची शुश्रूषा’ हे सन्मानाने सांगण्याजोगे कारण आहे.

आता दोन शब्द ज्येष्ठांशी. आपल्याच जुहूत एसएनडीटी विद्यापीठाच्या आवारात 1997 पासून मुली अभियांत्रिकी शिकत आहेत. अशी पदवी मिळाली तेव्हा आपण पेढे वाटले असतील. ती पदवी आपल्या आजारपणात गंजू नये, हे आपल्याही हातात आहे. दुपारचे दोन तास तिचे म्हणून ठरवून द्या. त्या वेळात पाणी, औषध, फोन हाताशी ठेवून घ्या. एकटे राहणे सुरक्षित नसेल, तर मुलाला किंवा शेजाऱ्यांना बसायला बोलवा. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या महागड्या अभ्यासक्रमासाठी मुदतठेव मोडण्यापूर्वी हमीच्या आणि परताव्याच्या अटी लेखी मागा. कोणी ‘आजच पैसे भरा’ म्हणून घाई केली, तर थांबा.

आणि ताईंनो, रात्री दीडपर्यंत जागून केलेला अभ्यास टिकत नाही. शिकलेले पक्के होण्यास झोप लागतेच. प्रौढ व्यक्तीला साधारण सात तास तरी हवेत. सतत थकवा, चिडचिड किंवा उदासी दोन आठवड्यांहून अधिक राहिली, तर पुढच्या खेपेस वडिलांबरोबर स्वतःलाही तपासून घ्या. नव्या नोकरीवर रुजू व्हायचे आहे ते याच शरीराने.