कुत्र्याला दुखतं, मांजरालाही. "चाटून बरं होतंय" हे म्हणणं आता बंद करा!



पोस्ट लांब आहे आणि विषय कुत्र्यामांजराचा आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा.

जिंतूर रोडवर गाडीनं उडवलेलं कुत्रं आपण सगळ्यांनी बघितलंय. आखाड्यावर रानडुकरानं फाडलेलं कुत्रंही बघितलंय. मागचे पाय ओढत ते कुठंतरी सावलीला जाऊन पडतं. मग कुणी हळद भरतं, कुणी रॉकेल ओततं, कुणी जळकं ऑइल लावतं. बाकीचे म्हणतात, "जनावरच ते, चाटून चाटून बरं होतंय." आणि ज्याला जास्तच दया येते तो मेडिकलवरून माणसाची दुखण्याची गोळी आणून भाकरीत घालतो.

आधी या गोळीचंच बोलू. पॅरासिटामॉल, म्हणजे आपली क्रोसिन-डोलो, मांजराला विष आहे. ती पचवायची ताकद मांजराच्या लिव्हरमध्ये नाही. एका गोळीनं मांजर मरू शकतं. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या निळ्या-तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. कुत्र्याला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं तर पोटात अल्सर होतो, किडनी जाते. आपण समजतो जखमेनं गेलं. कितीतरी वेळा ते गोळीनं गेलेलं असतं.

गंमत बघा. जनावरांना डायक्लोफेनॅक द्यायला 2006 पासून बंदी आहे. का? तर मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मरत होती. गिधाडं वाचवायला कायदा आला, चांगलंच झालं. पण माणसाची तीच गोळी आज कुत्र्यासाठी मागितली तर काउंटरवर किती जण विचारतात, "कुणासाठी पाहिजे?"

आता दुसरी समजूत. "गप पडलंय, म्हणजे दुखत नसेल." साफ चूक. दुखणं लपवणं हा जनावराचा स्वभाव आहे. कुत्रं बसल्या जागी धापा टाकतं, झोपत नाही, हात लावला की दचकतं, गुरगुरतं. मांजर कोपऱ्यात लपतं, खात नाही, अंग आखडून बसतं. 2019 साली माँट्रियलच्या विद्यापीठानं मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची पद्धत मांडली: कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण. मशीन लागत नाही, फक्त नीट बघावं लागतं.

आणि दुखणं थांबवणं ही काही शहरातल्या श्रीमंत कुत्र्यांची चैन नाही, तो उपचाराचाच भाग आहे. दुखत असलेलं जनावर खात नाही, झोपत नाही, जखम कुरतडतं. मग जखम भरणार कशी? छातीला मार असेल तर दुखतंय म्हणून श्वाससुद्धा पुरता घेत नाही.

यासाठी लागणारी सगळीच औषधं महाग नाहीत. लिग्नोकेननं जागा बधिर करता येते. मेलोक्सिकॅम आपल्याकडं गाईम्हशीला सर्रास देतात, तेच कुत्र्यालाही योग्य मापात चालतं. पण डॉक्टर लागतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. खूप रक्त गेलेल्या जनावराला आधी सलाईन द्यावं लागतं, नाहीतर तेच मेलोक्सिकॅम किडनीवर जातं. आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि दुखण्याचं औषध एकत्र टोचलं तर आतडं फुटायची पाळी येते. "दोन्ही मारून टाका, लवकर बरं होईल" असं डॉक्टरला सांगू नका.

आता नसबंदीचं. 2023 च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. त्यात ग्रामपंचायतही आली. पण "किती कुत्री केली" हा आकडा सगळे विचारतात. पोट शिवल्यावर पुढचे दोन-तीन दिवस दुखण्याचं औषध दिलं का, हे कुणी विचारत नाही. भुलीत हलत नाही म्हणजे शुद्धीवर आल्यावर दुखत नाही, असं नसतं हो.

"इथं माणसाला दवाखान्यात औषध मिळेना, अन् तुमचं कुत्र्याचं काय?" हा कमेंट येणार, मला माहितंय. माणसाच्या औषधासाठी भांडायला तुम्हाला कोण अडवलंय? मीही येतो. पण कुत्र्याला लिग्नोकेन दिल्यानं माणसाच्या दवाखान्यातली गोळी कमी होत नाही. जे कुत्रं रात्रभर तुमचा कापूस अन् सोयाबीन राखतं, त्याचं दुखणं तुमच्या हिशोबात का नाही? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच लिहिलंय: ज्याच्या ताब्यात जनावर, त्यानं त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नये. हे तुम्हाला आणि मला लागू आहे.

म्हणून तीन मागण्या:

1. भागातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यामांजरासाठी दुखणं थांबवणारी औषधं ठेवा आणि वापरा. नसबंदीच्या कामात ऑपरेशननंतरच्या डोसची नोंद सक्तीची करा.

2. मेडिकलवाल्या भावांनो, जनावरासाठी गोळी मागितली तर डॉक्टरची चिठ्ठी मागा. वीस रुपयाच्या धंद्यासाठी जीव घेऊ नका.

3. परभणीला एवढं मोठं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांनी जिंतूर रोडवरच्या गावांत वर्षातून एक तरी शिबिर घ्यावं. ग्रामपंचायतीनं तसं पत्र द्यावं, सह्या आपण गोळा करू.

तोवर एवढं करा. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा. पोत्यावर किंवा फळीवर सपाट उचला. दुखण्यात आपलं कुत्रंही चावतं, सांभाळून. चावलंच तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच लस घ्या. माणसाची गोळी देऊ नका. डॉक्टरला फोन लावा. गाईसाठी 1962 लावता ना? कुत्र्यासाठीही लावून विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मांजराला क्रोसिन देऊ नका.