पूंपुहारचे शिसे वितळवू नये

कावेरीच्या मुखाशी, तंजावूरहून फार दूर नसलेल्या पूंपुहारसमोर सुमारे 19 मीटर खोलीवर एक भग्न जहाज आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तेथे शिशाच्या लगडी सापडल्या. त्यांवर ‘ब्लॅकेट’ हे नाव आणि 1791, 1792 ही वर्षे आहेत. (तंजावूरच्या गादीवर तेव्हा अमरसिंह भोसले होते.)

भौतिकशास्त्रज्ञाला या शिशाचा मोह पडणारच. नव्या शिशात किरणोत्सारी शिसे-210 असते. अर्धायुष्य सुमारे 22 वर्षे. सव्वादोनशे वर्षांत त्याचा सहस्रांशही उरत नाही, आणि दुर्मीळ कणघटना टिपणाऱ्या उपकरणांना असेच कवच हवे असते. सार्डिनियाजवळच्या रोमन जहाजातले शिसे इटलीच्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेने वापरले. लेखांकित भाग मात्र कापून जतन केले.

ही तडजोड मला येथे मान्य नाही. बाल्टिकच्या थंड, कमी खाऱ्या पाण्यात अख्खे लाकूड टिकते. आपल्या उबदार सागरात ते पोखरले जाते आणि धातू हाच प्रमुख साक्षीदार उरतो. समस्थानिकांच्या मोजणीला ग्रॅमभर नमुना पुरतो, त्यातून खाणीचाही माग लागू शकतो. कवचासाठी लगडी मागणारा प्रस्ताव समोर आला, तर मी त्यावर सही करणार नाही.