सहल काढायची तर दसऱ्याच्या आधी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे एका दिवसात पुणे करून आलो. पहाटे तीनला बीड सोडलं आणि आष्टी-कडा-अहिल्यानगर-शिरूर करत नऊ-साडेनऊला हिंजवडीत पोचलो. आयटी कंपन्या एकदा डोळ्यांनी पाहायच्या, असा मुलीचा हट्ट होता. खरं सांगायचं तर माझाही होता. भाचा तिथंच नोकरीला आहे.

पालकहो, आपल्याकडं ही एक नवी वारीच सुरू झालीय. पूर्वी सुट्टीत तुळजापूर, शेगाव, शिर्डी व्हायचं, आता त्यात हिंजवडीची भर पडली. लेकराला कंपनीच्या फाटकासमोर उभं करायचं, "बघ, तुला इथं यायचंय" म्हणायचं आणि फोटो काढायचा. मीही काढला.

फाटकाच्या आत मात्र कुणी सोडलं नाही. नियम आहे तो, त्यात कुणाची चूक नाही. सुरक्षारक्षक गेवराईकडचा निघाला. "सर, सख्ख्या आईबापाला बी आत सोडता येत नाही, आधी परवानगी लागती," असं म्हणाला आणि गावाकडं पाऊस कसा झाला ते विचारत बसला. मग आम्ही गाडीतूनच फेज एक, फेज दोन, फेज तीन असं फिरलो. काचेच्या इमारती, मधेच मेट्रोचे खांब. इन्फोसिस १९८१ साली पुण्यातच सुरू झाली आणि नंतर बंगळुरूला गेली, हे मी गाडीत सांगितलं. मुलगी "हं" म्हणाली. तिचं लक्ष इमारतींवर होतं.

दुपारी भाच्याच्या फ्लॅटवर जेवलो. तिथं तिनं त्याला विचारलं, "दादा, तू दिवसभर करतोस काय?" भाच्यानं लॅपटॉप उघडला. ऑफिसचं काम दाखवता येत नाही म्हणून त्यानं स्वतःच चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला, त्यात मुद्दाम चूक ठेवली आणि म्हणाला, "शोध." ती पाऊण तास शोधत बसली. एका ठिकाणी बेरजेऐवजी वजाबाकीचं चिन्ह होतं, ते तिला सापडलं. तेव्हा तो म्हणाला, "माझा अर्धा दिवस हेच करण्यात जातो. फक्त ओळी हजारो असतात." संध्याकाळी शनिवारवाडा पाहिला, दगडूशेठचं दर्शन घेतलं आणि रात्री दोनला घरी आलो. त्या दिवसातलं मुलीला आज काय आठवतं? तो पाऊण तास. काचेच्या इमारतींपैकी कोणती कुठल्या कंपनीची, ते मलाही सांगता येणार नाही.

इथवर ठीक होतं. ही गोष्ट मी वर्गात सांगितली आणि तिथं मला दुसरा धडा मिळाला.

एप्रिल महिना होता. माझ्या वर्गातली ऊसतोडीला गेलेली मुलं नुकती परतली होती. मी हिंजवडीचं नाव घेतलं तसा मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. "सर, आमच्या कोप्या तिकडंच व्हत्या. त्या काचेच्या बिल्डिंगा रातच्याला लई चमकायच्या." मला आधी खरं वाटेना. मग लक्षात आलं, हिंजवडीपासून थोड्याच अंतरावर कासारसाई-दारुंब्र्याला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. म्हणजे मी मुलीला घेऊन सहा तास प्रवास करून जे दिवे दाखवायला गेलो, त्याच दिव्यांच्या उजेडात माझा विद्यार्थी चार-पाच महिने राहून आला होता. फक्त त्याला सहल म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्याला नाही, अन् मलाही नाही.

मी त्याला पुढं बोलावलं. म्हटलं, कारखान्यात काय पाहिलंस ते सांग. पोरगं आधी लाजलं, मग सुरू झालं ते थांबेना. गाडी आधी भरून वजनकाट्यावर जाते, मग रिकामी करून परत काट्यावर येते आणि फरक लिहितात. ऊस गव्हाणीत पडतो, आत त्याचा चुरा होतो, रस निघतो. उरलेला भुसा बॉयलरला जातो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेवर कारखान्याची लाईट चालते. "मग सर, साखर बी उसाची अन् लाईट बी उसाचीच की." मळी कुठं जाते, टँकर कधी येतात, नंबर लागायला कधीकधी रात्र का होते, सगळं त्याला ठाऊक होतं. भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा, हे वजाबाकीचं गणित त्याला पुस्तकात येत नव्हतं. काट्यावरचं येत होतं.

आता माझं म्हणणं मांडतो. काही शिक्षक मित्रांना ते पटणार नाही.

आपण शाळेची सहल काढतो ती दिवाळीनंतर. डिसेंबर-जानेवारीत हवा चांगली असते, एसटीची शालेय सहलीची सवलत घेता येते, सहामाही परीक्षा झालेली असते. सगळं बरोबर आहे. पण आपल्या जिल्ह्यात त्याच वेळी निम्मी बाकं रिकामी असतात. दसरा-दिवाळीच्या दरम्यान मुकादमाच्या गाड्या लागतात आणि उचल घेतलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, बाकीची फडावर जातात. म्हणजे पहिली ते सातवी शाळेत नाव असूनही एकदाही सहलीला न गेलेली मुलं आपल्याच हजेरीपटावर आहेत. माझ्या नोकरीची इतकी वर्षं गेली, पण हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. हंगामी म्हणून वसतिगृह काढता येतं, तर सहलीची तारीख बदलता येणार नाही?

सप्टेंबरात सहल काढा. पाऊस असतो, हे मान्य. पण आपल्या जिल्ह्यात पाहण्यासारखं बरंच काही पावसातच पाहण्यासारखं असतं. कपिलधारचा धबधबा जानेवारीत दाखवून काय उपयोग? आणि पुण्याची काच नाही दिसली तरी तंत्रज्ञान दाखवायला बीड जिल्हा काही मोकळा नाही.

बीडची खजाना विहीर घ्या. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळातली. जमिनीखालच्या बोगद्यांतून विहिरीत पाणी येतं आणि बोगद्यातूनच पुढं शेतांकडं जातं. मोटार नाही, वीज नाही, सगळा उताराचा हिशेब. तिथं मुलांना फक्त एवढंच विचारायचं, "जमिनीच्या पोटात उतार किती ठेवायचा हे त्यांनी मोजलं कसं असेल?" आणि गप्प बसायचं. शिक्षकानं गप्प बसणं सगळ्यात अवघड, हे मला माहीत आहे. जाताजाता कंकालेश्वर होतंच, तेही पाण्यातलंच देऊळ.

दुसरं परळी. आपण मुलांना वैजनाथाचं दर्शन घडवतो आणि औष्णिक वीज केंद्राच्या धुरांड्यांकडं बसच्या खिडकीतून बोट दाखवून परत येतो. तिथं लेखी परवानगीसाठी महिनाभर आधी अर्ज करावा. नाही मिळाली तरी बाहेर उभं राहून शिकवता येतं. कोळसा रेल्वेनं येतो हे दिसतं. पाणी कशाला लागतं हे मात्र सांगावं लागतं, कारण पाण्याची वाफ झाल्याशिवाय चक्र फिरत नाही. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा असूनही वीज नाही, हे दुष्काळी जिल्ह्यातल्या मुलाला एका वाक्यात कळतं. आणि ज्या पोरानं भुशाची वाफ पाहिलीय, त्याला तर वर्गाला समजावून सांगायलाच उभं करावं.

बीड शहराला रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. अहिल्यानगरची गाडी सुरू झाली. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी अजून रेल्वेत पाय ठेवलेला नाही. स्टेशनवर नेऊन रूळ जोडलेले कुठं दिसतात, सिग्नल कुणाच्या हाती असतो, एवढं दाखवलं तरी दिवस वसूल होतो.

पुण्याला जायचंच असेल तर जा, मी काही विरोधात नाही. पण कंपनीच्या फाटकावर जाण्याऐवजी दार उघडं असतं तिथं जा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथं लोकांसाठी प्रदर्शन भरतं, खेड्यापाड्यातल्या शाळांची पोरं आपले प्रयोग मांडतात आणि शास्त्रज्ञ त्यांच्याशी बोलतात. पुणे विद्यापीठाच्या आवारात नारळीकर सरांनी उभी केलेली आयुका आहे, तिची मुक्तांगण विज्ञान शोधिका खास मुलांसाठी आहे. अडचण तीच, फेब्रुवारीत माझा निम्मा वर्ग फडावर असतो. म्हणून खोडदचं पालकांनी करावं आणि शाळेनं सप्टेंबरचं.

एक विनंती मात्र सगळ्यांनाच आहे. "माझी सहल" हा निबंध फळ्यावर लिहून देऊ नका. 'आम्ही पहाटे लवकर उठलो, सर्वांचे चेहरे आनंदाने फुलले होते' हे चाळीस वह्यांत एकाच अक्षरानं लिहिल्यासारखं दिसतं. मी यंदा विषय बदलला. "मी पाहिलेलं काम" असं दिलं. त्या मुलानं काट्याबद्दल दीड पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या नाहीत. माझ्या मुलीनं भाच्याच्या चार ओळींबद्दल लिहिलं. दोन्ही वह्या मी शेजारी ठेवून वाचल्या.

केंद्रप्रमुखांकडं सप्टेंबरच्या सहलीचा प्रस्ताव दिलाय. पावसात मुलांची जबाबदारी कोण घेणार, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. दोन पालक सोबत येतो म्हणालेत, त्यातला एक मुकादम आहे. तो म्हणाला, "गुरुजी, दसऱ्याच्या आधी करा, गाड्या मी त्यानंतरच लावीन."